बारदाना वजा जाता

"बारदाना वजा करा की, ताई!"

पिराजीने हे इतक्या सहज सांगितले, की विमानतळावरच्या काउंटरमागची मुलगी त्याच्याकडे पाहतच राहिली. तिच्या काट्यावर चाकांची लाल बॅग उभी होती आणि आकडा पेटला होता: १७.८.

"काय वजा करू, काका?"

"बारदाना. पोत्याचं वजन. तिकिटावर पंधरा किलो लिवलंय. आत तुरीची डाळ बरुबर पंधरा हाय, मी सोता मापलीय. वरचे दोन किलो आठशे म्हंजे ही बॅग आन आतला कट्टा. त्ये वजा करा. साधा हिशेब हाय."

लातूरच्या आडत बाजारात पिराजी अडतीस वर्षे मापाडी होता. तूर असो, हरभरा असो, सोयाबीन असो, पोत्याचे वजन वजा केल्याशिवाय तिथे माल मोजलाच जात नाही. मालाबरोबर पोत्याचेही पैसे लावणारा काटा जगात असू शकतो, हे त्याच्या मनातही आले नव्हते. मागच्याच महिन्यात त्याने काम सोडले. हमाल-मापाड्यांनी वर्गणी काढून ही बॅग दिली आणि पोत्यांवर मार्का टाकणाऱ्या रेवणप्पाने पांढऱ्या ऑइलपेंटने तिच्यावर लिहून दिले: पिराजी, लातूर.

बंगळुरूला लेक अंबिका उद्या खानावळ उघडणार होती. तिकडे शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांसाठी. विमानाचे तिकीट तिनेच पाठवले होते. "पहिल्या दिवसाचं वरण तुमच्या हातानं मापलेल्या डाळीचं करायचं, बाबा," असे तिने फोनवर सांगितले, त्या दिवसापासून पिराजीचा पाय जमिनीवर नव्हता. आज सकाळी लातूरहून एसटीत बसला तेव्हा त्याने फक्त कंडक्टरला सांगितले, की आपण विमानाने निघालो आहोत. चाकूरपर्यंत पुढच्या चार बाकांना कळले. लोहा येईपर्यंत अख्ख्या गाडीला. नांदेडला उतरताना एका म्हातारीने त्याच्या खांद्यावरून हात फिरवला होता.

"आमच्याकडं बॅगेसकट वजन धरतात, काका," मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर समीक्षा असे नाव होते. "तीन किलो जादा आहे. किलोला साडेपाचशे."

"तीन न्हाई, दोन आठशे."

"वरचे ग्रॅम पूर्ण किलो धरायचे, असा नियम आहे. आणि तुम्ही मोबाइलवर चेक-इन न करता इथं आलात, त्याचे दोनशे."

"इथं आलो म्हणून दोनशे? मंग विमान काय माज्या घराम्होरं येनार व्हतं?"

मागे रांगेत कोणीतरी खुदकन हसले. समीक्षाला मात्र हसू आले नाही. दिवसातून दहा वेळा हे तिलाच ऐकावे लागत होते. "नियम मी केले नाहीत, काका. सगळे मिळून साडेअठराशे. काउंटर एकला बंद होतं."

भिंतीवरच्या घड्याळात बारा सदतीस झाले होते. पिराजीच्या खिशात पंधराशे होते.

"ज्या डाळीचा भाव एकशेवीस, तिच्या बारदान्याला साडेपाचशे!" तो म्हणाला. "आमच्या आडतीत असं कुनी बोललं असतं तर हमालांनी काटे बंद पाडले असते."

तो बाजूला झाला आणि त्याने बायकोला, रुक्मिणबाईला, फोन लावला. ती वीस दिवसांपूर्वीच रेल्वेने लेकीकडे गेली होती.

"जिंदगीभर लोकायचं मापलं," सगळे ऐकून ती म्हणाली, "आन सोताची एक बॅग मापता आली न्हाई व्हय?"

"मापली बरुबर. ह्यायचा कायदा उलटा हाय."

"अंबीला सांगते. ती पाठवील पैसे."

"नगं!" पिराजी जवळजवळ ओरडलाच. "तिनं होतं नव्हतं ते समदं भांड्याकुंड्यात घातलंय. उद्याच्या दिसाला बापानंच तिच्यापुढं हात पसरायचा का?"

"मंग डाळ टाका तिथंच आन या."

"डाळ येनार. मीबी येनार. तू चूल तयार ठिव."

फोन बंद झाला. मघाशी रांगेत मागे हसले होते ते गृहस्थ पुढे आले. इस्लापूरचे शिक्षक, आनंदराज गुरुजी. "मामा, मोबाइलवरचं चेक-इन अजून चालू आहे. तुमचा तिकीट नंबर द्या, मी माझ्या फोनवर करतो. दोनशे तरी वाचतील."

पिराजीने घडी घातलेला कागद काढला. गुरुजींनी नंबर टाकला, नाव टाकले आणि त्यांचे बोट थबकले. पडद्यावर विमानातल्या खुर्च्यांचे चित्र आले होते. एकीवर तीनशे, दुसरीवर साडेचारशे.

"घ्या! सीटचे वेगळे पैसे. हे भरल्याशिवाय पुढं जाऊच देईना."

"तिकीट काढलंय की. मंग काय उभ्यानं न्यायलेत?"

"मला वाटतं एखादी घ्यावीच लागते, मामा. तीनशेची घेऊन टाकू?"

"थांबा." पिराजीने चष्मा नाकावर सरकवला. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. पण व्यापारी बोलता बोलता काट्यावर अंगठा कुठे टेकवतो, ते पाहण्यात त्याची हयात गेली होती. मोठ्या निळ्या बटणाकडे त्याने पाहिलेच नाही. "ह्ये खाली कोपऱ्यात काय हाय? फिक्कं फिक्कं?"

गुरुजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "अरेच्चा! सीट न निवडता पुढं जा."

"दाबा!"

दाबले. एक गोल फिरत राहिला. दोघेही श्वास धरून त्याच्याकडे पाहत होते. मग पडद्यावर पिराजीचे नाव उमटले आणि त्याखाली १४ ई. गुरुजींनी हवेत मूठ उडवली. "झालं! फुकट झालं, मामा!"

बारा एकोणपन्नास.

पिराजी बॅगेपाशी परत आला, तिथेच फरशीवर उकिडवा बसला आणि त्याने चेन उघडली. आत प्लॅस्टिकच्या पांढऱ्या कट्ट्यात, लहान पोत्यात, डाळ होती. त्याने दोन्ही हातांनी कट्टा उचलला आणि काट्यावर ठेवला.

"बारदाना वजा करत न्हाई म्हनता न्हवं? मीच करतो. आता बगा."

१५.१.

समीक्षाने आकड्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. शंभर ग्रॅम म्हणजे पुन्हा एक किलो, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

"ते शंभर कट्ट्याचे," पिराजी म्हणाला. त्याने तोंड सोडले, दोन मुठी डाळ काढली आणि सदऱ्याच्या खिशात सोडली. आकडा लुकलुकला. १५.०.

"वा!" गुरुजी मागून ओरडले.

"तोंड पक्कं बांधा, काका," समीक्षा म्हणाली. आता तिचीही बोटे भराभर चालू लागली होती. "आणि इथं सही करा. फुटलं तर कंपनी जबाबदार नाही."

"अडतीस वर्सांत म्या मारलेली गाठ सुटली न्हाई."

बॅग राहिली. समीक्षाने नियम सांगितले: दुसरा नग दिला तर त्याचे वेगळे पैसे, सोबत न्यायची तर लोखंडी चौकटीत बसली पाहिजे. पिराजीने बसवून पाहिली. चार बोटे बाहेर राहिली. तिथेच सोडायची म्हटले, तर बेवारस म्हणून पोलीस उचलतील.

तेवढ्यात कट्टा न्यायला लोडर आला. तिशीतला, रापलेला, व्यंकटी नावाचा. समीक्षाने त्याला कट्टा पुन्हा एक्स-रेतून काढून आणायला सांगितला. त्याने तो मधोमध न धरता खालून हात घालून उचलला. पिराजीने ते पाहिले.

"कुठला रं तू?"

"भोकरचा, काका. आदी मोंढ्यात आडतीवर हमाली करत व्हतो."

पिराजीने बॅगेचा दांडा आत ढकलला, चेन लावली आणि बॅग त्याच्या पुढ्यात सरकवली. "ही घे."

"ठिवायला?"

"वापरायला. हमालायनी दिलेली हाय. कोरी हाय."

व्यंकटीने बॅगेवरची पांढरी अक्षरे वाचली. "नाव हाय की तुमचं."

"खोडून टाक."

"राहू द्या की," व्यंकटी म्हणाला. "कुनी इचारलं तर सांगाया येतंय."

पिराजीने अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला आणि मान हलवली. एक वाजायला चार मिनिटे होती.

विमानाकडे चालत जायचे होते. उन्हात ते पांढरे धूड इतके जवळ उभे होते, की पिराजीची चाल आपोआप वाढली. पोटाखालचे दार उघडे होते आणि व्यंकटी आणखी दोघांबरोबर सामान चढवत होता. बॅगा एकीवर एक आदळत होत्या. कट्ट्याची पाळी आली तेव्हा व्यंकटीने इतरांना हाताने मागे सारले, तो पाठीवर घेतला, आत वाकला आणि तोंड वर करून उभा ठेवला.

"चला, मामा," गुरुजी म्हणाले. "दार लावतील."

मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. अडतीस वर्षे रोज सकाळी पिराजीने तो शब्द दुसऱ्यांच्या मालावर मोठ्याने म्हटला होता. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्याने तो हळूच म्हटला, आणि तो चढू लागला.