वाफेतली बोलणी

आमच्या इस्पितळाच्या लाँड्रीत पगाराची बोलणी इस्त्रीच्या खोलीत व्हायची, साहेबांच्या गार केबिनमध्ये नाही. हा रिवाज कुणी पाडला देव जाणे, पण पाडणारीला माझा दंडवत! सगळी यंत्रं चालू, ओल्या चादरींची वाफ आणि मधोमध कोट घालून उभे जुने साहेब. आम्हा सातजणींना त्या उकाड्याची सवय. साहेबांचा मात्र अर्ध्या तासात पार लगदा व्हायचा. मी मुद्दाम एकेक मागणी सावकाश मांडायची. "बाई, आवरा हो," म्हणत ते घाम पुसायचे आणि हो म्हणून टाकायचे. मागे बाकीच्या तोंड दाबून हसायच्या. करार एकच, सगळ्यांचा. त्या दिवशी चहा साहेबांकडून. काय दिवस होते ते!

मग मंदी आली. सरकारनं खर्चाला कात्री लावली, जुने साहेब गेले, नवे आले. त्यांनी वाफेत पाऊलच टाकलं नाही. एकेकीला केबिनमध्ये बोलवायचं आणि कमी पगाराच्या कागदावर सही घ्यायची. चौघींनी सह्या केल्या की एकत्र करार रद्द, असा नवा नियम. तिघी गेल्या आणि गपगुमान सही करून आल्या.

चौथं बोलावणं माझ्या धाकट्या जावेला आलं. तिला इथे मीच कामाला लावलं होतं. घरात काय, लाँड्रीत काय, माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही. "नाही म्हण आणि चालू लाग," मी बजावलं. तिच्याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

परत आली तेव्हा ती माझ्याकडे बघेना.

"केलीस सही?"

तिनं मान डोलावली. माझं टाळकं सडकलं. "अगं, वाचा बसली होती का तुझी? एवढी वर्षं भांडून मिळवलेलं सगळं पाण्यात घालवलंस!"

"ताई, नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते." तिचे डोळे भरून आले. "साहेबांनी बसायला खुर्ची दिली. म्हणाले, नाही का म्हणता, तुमचं म्हणणं सांगा. नीट विचारलं हो त्यांनी. पण मला काही बोलताच येईना. आमच्यावर कधी बोलायची वेळच कुठे आली? नेहमी तुम्हीच बोलायचात."

इस्त्रीच्या टेबलापाशी सगळ्याजणी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होत्या, आता मी काय बोलते म्हणून.