झाकणावरच्या दोन काठ्या

मातान्सासच्या उपसागरावर सायंकाळ उतरत होती. ऊसमळ्यांवरून आलेली, मधुगंधी, ताम्रवर्णी सायंकाळ. नद्यांवरचे पूल तिच्या प्रकाशात वितळत होते. क्युबाच्या त्या किनाऱ्यावर लाटांनाही ताल होता: तीन ठोके, मग दोन. तीन ठोके, मग दोन.

तो ताल बेनिग्नोच्या हातांत वसे. कठीण लाकडाच्या दोन आखूड काठ्या तो एकमेकींवर वाजवी, आणि घाण्याच्या खांबाभोवती बैल फिरावेत तसे ढोल, कर्णे, पियानो त्या टकटकीभोवती फिरत. साऱ्या गोदीवस्तीचा तो तीओ, काका. वस्ती नाचे. त्याची पत्नी दोमिंगाही नाचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर. तो मात्र कधीच नाचला नव्हता. काठ्या धरणाऱ्याला नाचता येत नसते.

त्याच्या वाद्यवृंदाचा एक रिवाज होता. कुणी ताल उलटा धरला, की बेनिग्नो काठ्या त्याच्या वाद्यावर ठेवी. मग त्याने उठून जायचे.

मर्सेलिना तेव्हा सोळा वर्षांची. खाऱ्या वाऱ्याने निम्म्या तारा खाल्लेल्या, चर्चमधल्या पियानोवर वाढलेली. बेनिग्नोच्या वृंदातल्या पहिल्याच नृत्यसभेत, स्वतःच्याच वेगावर भाळून, तिने दोनांच्या जागी तीन धरले. पावले अडखळली. रेशमी झगे थबकले. आणि पियानोच्या काळ्या झाकणावर दोन काठ्या येऊन विसावल्या.

"हात सुरेख आहेत, पोरी," बेनिग्नो म्हणाला. "कान तेवढे घरी विसरून आलीस."

ती उठली. पुलावरून घरी जाताना तिची पावलेच तिला ताल सांगत होती. तिने प्रथमच त्यांचे ऐकले.

मग वर्षे आली, भरतीसारखी. दगडावर धुणे आपटणाऱ्या आईच्या हातांतून ती ताल शिकली. मेक्सिकोच्या दीपोज्ज्वल नृत्यगृहांत, न्यूयॉर्कच्या हिमधवल हिवाळ्यांत ती वाजवत राहिली. जाझच्या अनोळखी स्वरावलींत तिने आपल्या बेटाचा ताल गुंफला. डावा हात सागर, उजवा हात पक्षी. तबकड्यांवर तिचे नाव सोनेरी झाले, केस रुपेरी झाले. तरी प्रत्येक मैफलीत, टाळ्यांच्या कडकडाटातही, तिची नजर पियानोच्या झाकणाकडे जाई. ते रिकामे आहे ना?

आज ती परतली होती. गावाचे जुने नाट्यगृह, खुर्च्या हटवून नाचासाठी मोकळी केलेली फरशी, आणि पियानोशेजारी वाकलेला, शुभ्रकेश बेनिग्नो. तिनेच आग्रहाने त्याला बोलावले होते. त्याच्या काठ्यांसमोर एकदा अखेरपर्यंत वाजवल्याशिवाय साऱ्या जगाची वाहवा तिला अपुरी होती.

"तीओ, आज काठ्या झाकणावर ठेवाल का हो?"

"ते तुझ्यावर. कान आणलेस ना?"

"आणलेत. एक जरा कमी ऐकतो."

"माझाही. दोघांचे मिळून दोन होतील, चल."

तिने सुरुवात केली. डाव्या हातातून सागर उठला. उजव्या हातातून पक्षी उडाले, शुभ्र, अगणित, सूर्यस्नात. कर्णे झळाळले. फरशीवर पावले उमलली. गोदीवाले, शिक्षिका, फळवाल्या, सारे एकाच श्वासाचे झाले.

आणि ऐन भरात काठ्या थांबल्या. दोन आखूड लाकडे काळ्या झाकणावर येऊन विसावली.

तिच्या आत सोळा वर्षांची मुलगी उठून उभी राहिली. पण पावले अडखळली नव्हती. झगे थबकले नव्हते. ताल तिच्याच बोटांतून वाहत होता, अभंग, आणि सारे नाट्यगृह त्याभोवती फिरत होते.

"थांबू नकोस, पोरी," तिच्या कानाशी वाकून बेनिग्नो म्हणाला. "काठ्यांचं काम तुझे हात करताहेत. मला आज नाचायचंय."

तो पायऱ्या उतरला. फरशीच्या कडेला खुर्चीवर बसलेल्या दोमिंगापुढे त्याने आपले मोकळे हात धरले.

"आत्ता सुचलं होय तुला?" ती म्हणाली, आणि उठली.

मर्सेलिना वाजवत राहिली, ओल्या डोळ्यांनी, विजयिनी. पियानोच्या अंतरातून कंप उठत होते. काळ्या झाकणावर त्या दोन काठ्या थरथरत होत्या, भरतीच्या पाण्यावर नांगरलेल्या दोन होड्यांसारख्या. खाली दोघांची म्हातारी पावले फरशीला भेटत होती: तीन वेळा, मग दोनदा. तीन वेळा, मग दोनदा.