जया गेणबा मातेरे, बाहेरून

"वर्गात बसले तर चालंल का, मास्तर?"

शाळा सुटली होती. मी फळा पुसत होतो आणि दारात सगुणाबाई उभ्या होत्या, वहाणा उंबऱ्याबाहेर काढून. सरकारी दवाखान्यातल्या आयाचं आमच्या शाळेत काय काम, हे मला कळेना.

"कुणाला बसवायचंय?"

"मलाच."

ही एकसष्ट सालच्या जूनमधली गोष्ट. पौडला हायस्कूल निघून थोडीच वर्षं झाली होती. मी पुण्याहून नोकरीवर आलेला चोवीस वर्षांचा मास्तर, म्हणजे जगातलं सगळं कळून चुकलेला माणूस.

सगुणाबाई तेव्हा तेहतिशीला टेकल्या होत्या. नवरा कोंडिबा ढमाले हिरडा झोडपायला झाडावर चढला होता, तो पडला आणि कमरेखालून लुळा झाला. तेव्हापासून त्या दवाखान्यात लागल्या. झाडलोट करणं, भांडी उकळणं, रोग्याला धरणं हे त्यांचं काम. पण नर्सची जागा वर्षातले आठ महिने रिकामी असे, आणि पोरं काही जागा भरायची वाट बघत थांबत नाहीत. आसपासच्या वाड्यावस्त्यांतल्या कितीतरी पोरांना जगातला पहिला हात लागला तो सगुणाबाईंचा. जन्माच्या वहीत सही मात्र दुसऱ्या कुणाची तरी असायची.

"डॉक्टर म्हणत्यात, नर्सच्या टरेनिंगला मॅट्रिक लागती," त्या म्हणाल्या. "आन् वय पस्तिशीच्या आत. त्रेसष्टच्या जुलैला जमलं तर जमलं. त्येच्या फुडं मी बसत न्हाई."

"आतापर्यंत किती शिकलात?"

त्यांनी पदराची गाठ सोडून एक कागद काढला. घड्यांवर विरलेला. सातवीची फायनल पास झाल्याचा दाखला, बेचाळीस सालचा. नाव होतं जया गेणबा मातेरे.

"ह्या कोण?"

"मीच की. घोटावड्याची. लग्नात सासूनं सगुणा ठेवलं. माहेरचं नाव त्या कागदावरच ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी त्यांना गणितं घातली, वाचून दाखवायला लावलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, दोन वाटा आहेत. दहावीत नाव घालायचं, दोन वर्षं रीतसर वर्गात बसायचं आणि अकरावीला शाळेतर्फे परीक्षा द्यायची. नाहीतर घरी अभ्यास करून बाहेरून बसायचं. कागदाची किंमत दोन्हीकडे सारखीच.

"वर्ग तुमचा आहे," ते मला म्हणाले. "तुम्हाला चालत असेल तर मला चालेल."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. मला माझा वर्ग डोळ्यांपुढे दिसला. पस्तीस मुलगे, चार मुली आणि शेवटच्या बाकावर नऊवारी नेसलेली ही बाई. पोरं फिदीफिदी हसतील, मला 'बाई, उभ्या राहा' म्हणावं लागेल, गावात चर्चा होईल. खरं सांगायचं तर लाज मला वाटत होती आणि मी ती त्यांच्या नावावर टाकली.

"तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल," मी म्हणालो. "शिवाय दवाखान्याचं काम सुटेल."

"डॉक्टरांना इचारलंय मी. सकाळचं आन् सांजचं काम करीन. दुपारची साळा."

"पण गरज काय त्याची? बाहेरून बसा. पुस्तकं तीच, पेपर तेच, सर्टिफिकेट तेच. रोज तासभर मी येऊन शिकवतो. फरक काहीच नाही."

"कायच न्हाई?"

"काडीचाही नाही."

त्यांनी रिकाम्या बाकांवरून एकदा नजर फिरवली आणि मग हसल्या. "बाहेर बसायची सवय हायच की बायकांना, मास्तर. म्हैन्याचं चार दिस."

माझे कान तापले. मी उगीचच खडूंचा डबा आवरायला घेतला. त्या हसल्या म्हणजे त्यांना पटलं, असा मी सोयीस्कर अर्थ काढला.

पुढची पावणेदोन वर्षं शाळा सुटली की मी दवाखान्याच्या मागच्या पडवीत जायचो. त्या भांडी उकळत ठेवून पाटी घेऊन बसायच्या. इंग्रजीचं आम्हाला दोघांनाही भय होतं. पण अक्षरं त्यांना आधीच येत होती, औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेली. 'कॅट' लिहिताना अडखळणारी ही बाई 'आयोडीन' एका दमात लिहायची. मराठीकडे आम्ही बघितलंही नाही. तो पेपर तुम्ही झोपेतही लिहाल, असं मी म्हणायचो. घरी कोंडिबा अंथरुणावर बसून दोर वळायचा आणि बायकोची स्पेलिंगं ऐकायचा. मी कधी भेटायला गेलो की दोर खाली ठेवून म्हणायचा, "मास्तर, आता मी बी बसतो का बाहेरून? घरातून तर उठवत न्हाई."

बासष्टच्या दिवाळीच्या सुमाराला मी परीक्षेचा फॉर्म भरला. नाव दाखल्याप्रमाणे लिहायचं, असा नियम होता. मी वळणदार अक्षरात लिहिलं, जया गेणबा मातेरे. सही करताना त्यांनी आधी 'स' काढला. मग जीभ चावली. मी नवा फॉर्म आणून दिला आणि त्यावर त्यांनी बरोबर सही केली. तेवढ्यावर मला कळायला हवं होतं. पण फॉर्म गेला आणि मी पुन्हा म्हणालो, "हं सगुणाबाई, उद्या भूमिती."

मार्चमध्ये पहिल्या गाडीनं आम्ही पुण्याला आलो. परीक्षेच्या शाळेचं मोठं अंगण, मधोमध कडुलिंब, त्याखाली बाहेरून बसणारे तीसचाळीस लोक. कारकून होते, दोन पोलीस होते, एक म्हातारे गृहस्थ होते, बायका चारपाच. यांची प्रवेशपत्रं तिथंच नाव पुकारून मिळायची आणि मग आत सोडायचे. पहिला पेपर मराठीचा. काळजीचं काही कारणच नव्हतं. फक्त दौतीतली शाई सांडली होती.

"मी शाई घेऊन येतो," मी म्हणालो. "तोवर नाव आलं तर जा आत. तुमच्याकडे टाक आहे, शाई शेजारी मागा."

शाई घेतली आणि वाटेत कॉलेजातला मित्र भेटला. चहा झाला, गप्पा झाल्या. त्या आत पेपर लिहीत असणार, या खात्रीनं मी आरामात परत आलो. अंगण रिकामं होतं. कडुलिंबाखाली सगुणाबाई बसल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन.

"इथं काय करताय?"

"माजं नाव आलं न्हाई, मास्तर."

"असं कसं होईल?"

"समद्यांची आली. मी कान टवकारून बसले हुते. मागनं त्या सायबांना जाऊन इचारलं बी. म्हणलं, सगुणा ढमाले. त्यांनी यादी दोनदा बघितली. म्हणले, असं कुनी न्हाईच." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "फारम पोचला नसंल, न्हाई का?"

मी हातातली दौत खाली ठेवली. "जया गेणबा मातेरे, हे नाव पुकारलं का?"

हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"पुकारलं," त्या म्हणाल्या. "तीनदा पुकारलं. मला वाटलं, कोन बाई ही, एवढा फारम भरला आन् आलीच न्हाई."

मी नावं पुकारणाऱ्या कारकुनाकडे धावलो, हात जोडले, दाखला दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला होता आणि अर्ध्या तासानंतर कुणालाच आत घेता येत नव्हतं. ते बरोबर होते. मी मागे वळलो तेव्हा सगुणाबाई आपल्याच तळहाताकडे बघत होत्या. मी काहीतरी बोललो असेन. मला आठवत नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "वर्गात रोज हजेरी घेत्यात न्हवं?"

"घेतात."

"दाखल्यावरच्याच नावानं?"

"हो."

"मंग रोज ऐकलं असतं," त्या म्हणाल्या.

काडीचाही फरक नाही, असं मीच सांगितलं होतं. दोन वर्षं रोज ते नाव पुकारलं गेलं असतं, दोन वर्षं रोज त्या उठून उभ्या राहिल्या असत्या. आणि मी, ज्यानं ते नाव स्वतःच्या हातानं फॉर्मवर लिहिलं, त्या नावानं एकदासुद्धा हाक मारली नव्हती. पेपर तोच, पुस्तक तेच, हे मला माहीत होतं. शाळेत आणखी काय मिळतं, हे शाळेत शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

उरलेले सगळे पेपर त्यांनी दिले. इंग्रजीसुद्धा. रोज नाव पुकारताना मी शेजारी उभा राहायचो आणि त्यांच्या कोपराला हात लावायचो. पण एक पेपर गेला म्हणजे परीक्षा गेली, आणि परीक्षेबरोबर तो जुलैही गेला.

शेवटचा पेपर देऊन परतलो, त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती. कोंडिबानं मला बोलूच दिलं नाही.

"मास्तर, तुमी तिला काय म्हणून हाक मारायचा?"

"सगुणाबाई."

"मी तर हाकच मारली न्हाई कंदी. आगं म्हणलं की ती यायची. ईस वरसं." त्यानं हातातला दोर बाजूला सारला. "जे नाव कुनी घेतलंच न्हाई, त्या नावानं ती बिचारी उठंल कशी?"

मग त्यानं मान वर केली आणि चुलीकडे बघून मोठ्यानं हाक मारली, "जया!"

सगुणाबाई वळल्या नाहीत. भाकरी थापत राहिल्या.

"जया! आगं, तुलाच म्हणतोय!"

आता त्या वळल्या. पिठाचे हात तसेच, आणि डोळे भरलेले. नवऱ्यानं बायकोचं नाव घेऊन हाक मारायची, तीही आळीला ऐकू जाईल अशी, हे पौडात कुणी ऐकलं नव्हतं. त्यानंतर तो रोजच मारू लागला. पाणी हवं असलं की जया, ऊन आलं, अंथरूण सरकवायचं असलं की जया. शेजारची धोंडाबाई मला म्हणाली, "पडल्यापडल्या डोस्क्यावर परिनाम झाला वाटतं. दुसरीलाच कुनाला तरी हाका मारतंय." मी तिला काही सांगत बसलो नाही.

ऑक्टोबरला पुन्हा बसायचं, असं सगुणाबाईंनी ठरवलं. मी विचारलं, आता कशासाठी? ट्रेनिंगचं वय तर संपलं.

"टरेनिंग गेलं, मास्तर. पर ती जया तितं झाडाखाली बसलीया आजून. तिला आत न्यायला पायजे."

ऑक्टोबरात मी फाटकापाशी थांबलो. आत गेलो नाही. कारकुनानं यादी उघडली. दहाबारा नावं झाली आणि मग ते नाव आलं. त्यानं 'मातेरे' म्हणायच्या आत त्या उठल्या होत्या. "हजर!" इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की दोन पोलिसांनी वळून बघितलं. कारकून म्हणाला, "बाई, नुसतं पुढे आलं तरी चालतं." त्या पुढे गेल्या आणि प्रवेशपत्र दोन्ही हातांनी घेतलं.

पास झाल्या. मराठीत उत्तम गुण. सर्टिफिकेट आलं तेव्हा पोस्टमन शब्बीर दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "ही जया मातेरे कोन, कुनाला म्हाईत हाय का? न्हाईतर परत धाडतो." आत एका बाईचं अडलं होतं. सगुणाबाई आतूनच म्हणाल्या, "मी हाय. थांब जरा, हात गुतलेत." शब्बीर अर्धा तास थांबला. पोर रडल्याचा आवाज आला, मग त्या हात धुऊन बाहेर आल्या आणि त्यांनी सही केली. त्या पोराच्या जन्माच्या वहीत सही दुसऱ्याचीच झाली. ती पुढेही दुसऱ्यांचीच होत राहिली. नव्या नर्स येत, सगुणाबाई त्यांना काम शिकवत, आणि शिकल्या की त्या बदलून जात.

माझीही बदली झाली. एकोणसत्तर साली काही कामानं पौडला जाणं झालं, तेव्हा मुद्दाम दवाखान्यात डोकावलो. त्या मागच्या पडवीत एनॅमलची भांडी घासत होत्या. केस पिकले होते. कपाळ मोकळं होतं.

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या श्रावनात."

चहा झाला. सर्टिफिकेट ट्रंकेत आहे, म्हणाल्या, कसर लागू नये म्हणून त्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवलंय.

"आता जया कुनी म्हणत न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "त्येच म्हणायचे."

निरोप घेऊन मी निघालो, त्या पुन्हा भांड्यांपाशी बसल्या. दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी आलो आणि पाय पुढे जाईना. आठ वर्षांपूर्वी वर्गात म्हणायला लाजलो होतो, ते तिथूनच, हजेरीच्या आवाजात म्हणालो.

"जया गेणबा मातेरे!"

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. पदराला हात पुसले. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठल्या आणि पडवीत सरळ उभ्या राहिल्या.

"हजर," त्या म्हणाल्या.