ताईच्या पोटातले थेंब

ताई शिवणकाम करते. वीस वर्षं ती जगाच्या कंबरा मोजते आहे. "माझी मोजायला टेप पुरायची नाही," असं म्हणून स्वतःच आधी हसते, म्हणजे दुसऱ्याला हसायला जागाच उरत नाही.

तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सर्जनबाईंनी विचारलं, पोटातली थोडी चरबी संशोधनासाठी चालेल का? ताईनं लगेच सही केली. "माझ्या धाकट्या बहिणीच्याच प्रयोगशाळेत जाणार ना? मग घरचंच आहे."

कांद्याच्या सालीत फ्लॅव्होनॉइड गटातलं एक रसायन असतं. चरबीच्या पेशींवर त्याचा काय परिणाम होतो हे मी तपासत होते. ताईच्या चरबीच्या, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यातून पेशी वाढवल्या. सुरुवातीला त्या लांबट, उपाशी दिसत. मग हळूहळू त्यांच्यात तेल भरू लागलं. निम्म्या डिशांमध्ये मी सालीचा अर्क घातला होता.

रविवारी दुपारी ताई बघायला आली. पाहुण्यांचा पांढरा कोट तिच्या अंगात काही बसेना. "कुणी बेतलाय हा?" असं पुटपुटत तिनं मायक्रोस्कोपला डोळे लावले.



"ही मी?"

"तूच."

"अगं, दव पडल्यासारखं दिसतंय."

खरंच तसं दिसत होतं. प्रत्येक पेशीत गोल, चमकते थेंब, कडेला उजेडाची रेघ. मी तिला बटण फिरवायला शिकवलं. ती एकेका पेशीपाशी थांबत पुढे सरकू लागली, जणू कुठल्या शांत गावातून पहाटेची फिरत होती. पेशी ठेवलेलं उबदार कपाट मंद घुमत होतं. तिचा श्वाससुद्धा त्याच लयीत आला.

"कशासाठी साठवतात गं?"

"अडीनडीला लागेल म्हणून."

"आणि मी यांना जन्मभर शिव्या घातल्या."

मग मी अर्काची डिश दाखवली. थेंब थोडे, बारीक.

"म्हणजे उद्यापासून सालींचा काढा?"

"ताई, डिश म्हणजे माणूस नव्हे. पोटात गेल्यावर त्यातलं किती टिकतं, ते पेशींपर्यंत पोचतं का, हे अजून नीट कळलेलं नाही."

"बरं, मग ती आधीची लाव परत."

ती पुन्हा वाकली. पांढऱ्या उजेडात तिचा चेहरा लहानपणीच्या झोपेतल्यासारखा निवांत दिसत होता.

"यांचं पुढे काय?" तिनं न बघताच विचारलं.

"उद्या तेलाला लाल रंग देऊन ते मोजायचं. त्यात त्या मरतात."

तिनं नकळत पोटावर हात ठेवला. "मग आज जरा बसते त्यांच्याजवळ."

संध्याकाळपर्यंत ती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. अर्काच्या डिशांत तेल चौथाईनं कमी भरलं होतं. माझा आनंद गगनात मावत नव्हता.

"आणि बिनअर्काच्या?" ताईनं विचारलं.

"काठोकाठ. नुसत्या लालभडक."

"शाब्बास गं बायांनो," ती हळूच म्हणाली. ते मला उद्देशून नव्हतं.