पांढरं सूप

कागलच्या स्थळावर गौराबाईंचा संशय बसायला हॉटेलची पाटी पुरेशी झाली. ‘व्हेज, नॉनव्हेज, चायनीज’. तिन्ही एकाच पाटीवर, एकाच रंगात.

“शाकाहारी म्हणवणाऱ्याला हेच हाटेल कसं सुचलं?” रिक्षातून उतरता उतरता त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“तेच म्हणतोय मी कवापासनं,” अण्णाप्पा म्हणाले. “चला, घरी जाऊ. माझं पोट बी बरं न्हाय.”

हे ऐकून गौराबाईंना बरं वाटलं. शिरोलीच्या फौंड्रीत अण्णाप्पांचा उभा जन्म गेला, बरोबरचे सगळे खाणारे, पण माणसानं गळ्यातल्या लिंगाचा आब राखला. हॉटेलचं नाव निघाल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. असा नेमाचा नवरा शिवाजी पेठेत दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

लेक शिवांजली एव्हाना जिना चढून वर पोचलीसुद्धा. साल नव्व्याण्णव, कोल्हापुरात चायनीजचं नवं वारं, आणि तिला मुलगा पसंत. आता फक्त आईचं ‘व्हय’ राहिलं होतं. आईचं म्हणणं एवढंच, की लिंगायत म्हणवून बाहेर चोरून खाणाऱ्यांच्या घरात लेक द्यायची नाही. मुलगा श्रीशैल ट्रॅक्टरचे पार्ट विकत हायवेनं फिरायचा. हायवे म्हणजे ढाबे. आणि ढाब्यावर काय काय मिळतं ते शेजारच्या तानाबाईंनी गौराबाईंना चवीनं सांगून ठेवलं होतं.

वर फॅमिली सेक्शनमध्ये लाल कागदी कंदील टांगले होते. त्यामुळे तिथं उजेड आहे की अंधार, ते ठरवणं अवघड होतं. ताटात काय आहे ते दिसू नये म्हणूनच ही सोय, असं गौराबाईंनी मनाशी धरलं.

श्रीशैलची आई नीलव्वा इरकल सावरून खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. खुर्ची परक्याची असल्यासारख्या.

“या अक्का. पोरगं म्हणालं, वरचं स्वयंपाकघर येगळं हाय म्हणं. मला काय कळतंय यातलं? मी बी पैल्यांदाच आलोय.”

पहिल्यांदाच आलोय हे न विचारता कशापायी सांगावं, असं गौराबाईंच्या मनात आलंच.

गोबी मंचुरियन आलं. काळपट रश्शात गोळे. गौराबाईंनी एक गोळा चमच्यानं फोडला, मग दुसरा.

“काय शोधतीयास आई?” शिवांजलीनं हळूच विचारलं.

“मीठ.”

दोन्हीत फ्लॉवरच निघाला. समोर श्रीशैल नूडल्स उचलत होता आणि त्या परत ताटलीत सांडत होत्या. पोरगं सराईत दिसत नव्हतं. पण सराईत माणूस मुद्दामसुद्धा सांडतो.

“भायेर फिरताना जेवता कुठं?” त्यांनी विचारलं.

“डबा असतोय की. भाकरी, शेंगांची चटणी.”

“आणि डबा सरला तर?”

“केळी.”

केळी जरा लवकरच आली, असं गौराबाईंना वाटलं.

तेवढ्यात पिकल्या मिशांचा एक वेटर, कुणी बोलावलं नसताना, जिना चढून आला. हातात वाफाळती वाटी, पांढरं पातळ काहीतरी, वर तुपाचे ठिपके. बशीत कांदा, लिंबू. बाकीच्यांना सोडून त्यानं ते नेमकं अण्णाप्पांपुढे ठेवलं आणि शेजारचं टेबल पुसायला गेला.

अण्णाप्पांनी वाटीकडे न बघता ती बोटानं टेबलाच्या मध्ये सरकवली.

“सूप दिसतंय,” नीलव्वा म्हणाल्या. “चायनीजसंगट देतात म्हणं. घ्या की पावणं.”

“नको. मला सूप सोसत न्हाय.”

“मग मी बघतो जरा.” नीलव्वांनी वाटी आपल्याकडे ओढली.

“अव्वा, मला बी ठेव,” श्रीशैल म्हणाला.

गौराबाईंना नारळाच्या दुधाचा वास आला. सुपात लवंग घालत असतील काय, एवढाच त्यांना प्रश्न पडला.

नीलव्वांनी चमचा बुडवला. वर काढणार तोच अण्णाप्पांनी वाटीवर पंजा ठेवला. वाटी चटके देत होती, तरी हात काढला नाही.

“अक्का, ठेवा ते. पांढरा रस्सा हाय. मटणाचा.”

नीलव्वांच्या हातून चमचा सुटला. श्रीशैल ताडकन उठून आईच्या पदरावर काही उडालंय का ते बघू लागला. मायलेकांचे ते चेहरे बघून गौराबाईंचा कागलवरचा संशय उठला. पण संशय हवेत विरून जात नाही, त्याला बसायला जागा लागते. तो उठला तो थेट शेजारी नवऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसला.

“तुमी कसं वळखलं?” नीलव्वांनी विचारलं.

अण्णाप्पांनी मंचुरियनचा गोळा तोंडात टाकला. वेटर गडबडीनं आला. “काय अण्णा, आज काय...”

“चुकलासा तुमी,” गौराबाई म्हणाल्या. “दुसऱ्या टेबलाचं हितं आणलासा. उचला.”

वेटरनं त्यांच्याकडे बघितलं, मग अण्णाप्पांकडे, आणि वाटी उचलली.

“फौंड्रीत सगळ्यांचं डबं एकदम उघडतात, अक्का,” गौराबाईंनी नीलव्वांना सांगितलं. “बघून बघून ह्यांना लांबनं कळतंय, कुणाच्यात काय हाय ते. खात न्हाईत म्हणून वळखायचं बी न्हाय व्हय?”

खोटं इतक्या सरळ आवाजात निघालं, की गौराबाईंना स्वतःचाच थोडा संशय आला.

नीलव्वांनी हात जोडले. “पावणं, तुमी हुतासा म्हणून वाचलो. असल्या घरची पोर मागायला आलोय, भाग्य आमचं.”

गौराबाईंनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. प्यायचं नव्हतं, तोंड झाकायचं होतं. ग्लास खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मग मुहूर्ताचं बघू की.”

शिवांजलीनं मान वर केली ती खाली घालायलाच विसरली.

जेवण उरकून पोरं पानाच्या दुकानापर्यंत पुढे गेली, नीलव्वा त्यांच्या मागून. नवराबायको पाटीखाली उभे राहिले. या माणसाला हॉटेल का नको होतं, ते आता लख्ख दिसत होतं. पण गप्प बसला असता तर? विहीणबाईंनी सूप म्हणून पिऊन टाकलं असतं, नि जन्मभर कुणाला काही कळलं नसतं.

“हात दाखवा.”

पंजा लाल झाला होता. गौराबाईंनी टेबलावरून उठताना पाण्यात भिजवून घेतलेला रुमाल त्याला गुंडाळला. गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

“सोमवारी बी?”

“छ्या. सोमवारी कधीच न्हाय.”

“आणि श्रावणात?”

अण्णाप्पा रिक्षा शोधायला लागले.