चांगल्यातलं मशीन

मित्रांनो, मी एक जुनं कानाचं मशीन आहे. जुनं म्हणजे वयाने. वापराने मी आत्ताआत्तापर्यंत कोराच होतो, आणि माझं दुखणं तेच. काम करून दमलो असतो तर तक्रार नव्हती. मी पडून पडून दमलो.

कारखान्यात माझ्या पोटात इवलासा माइक बसवला गेला आणि मी परळच्या एका स्मृती केंद्रात आलो. उतारवयात स्मरणशक्ती टिकावी म्हणून तिथे ब्लडप्रेशर बघतात, साखर बघतात, चालायला लावतात आणि कानही तपासतात. भोईवाड्यातले हेरंबकाका मला तिथेच भेटले. ऑफिसातून रिटायर झालेले, स्वभावाने भारी नेटके. ऐकू कमी येऊ लागल्यापासून त्यांनी चाळीच्या गॅलरीतला पत्त्यांचा डाव सोडला होता. घरातही नुसतं हूं हूं करून वेळ मारून नेत.

"काका, कानावर आवाज पडेना, माणसांत बसणं सुटलं, की मेंदूलाही आळस चढतो," डॉक्टर सुरुची म्हणाल्या. "हे सकाळी घालायचं, झोपताना काढायचं. रोज हं!"

काकांनी मान डोलावली. घरी येऊन मात्र मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं, कालिंदीकाकूंच्या पैठणीशेजारी. त्या घरची रीतच तशी. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर सणासाठी आणि मी लग्नकार्यासाठी. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे माझं कौतुक करायचे, "वा, दिसतसुद्धा नाही!" घरी परतलो की पुन्हा फडकं आणि अंधार.

बाहेर काकूंचा घसा बसत होता. "अहो, दूध उतू चाललंय! अहो!" कपाटात मला सगळं ऐकू यायचं आणि फार वाईट वाटायचं. हळूहळू काकूंनी हाका मारणंच सोडलं. पुढे काका गॅस बंद करायला विसरू लागले, मग नात स्पृहा हिचं नाव, आणि एकदा तर भाजी घेऊन घरी यायची वाटच.

त्या दिवशी कपाट उघडलं. काकूंनी मला आणि काकांना थेट केंद्रात नेलं.

"हे इतकं कोरं कसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जपून ठेवलंय," काका अभिमानाने म्हणाले.

डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना. "मशीन जपलंत हो काका, आणि डोकं?" मग काकूंना हळूच म्हणाल्या, "गेलेलं परत येईल असं नाही सांगत. उरलेलं सांभाळायला मदत होऊ शकेल."

आता काका मला रोज घालतात. घामाने अंग चिकचिकतं, कुकरच्या शिट्टीने दचकायला होतं, पत्त्यांच्या डावात चौघे एकदम भांडले की जीव नकोसा होतो. पण हे दमणं माझ्या हक्काचं आहे. स्पृहाचं नाव काकांना कधी आठवतं, कधी नाही.

परवा ओट्याशी उभ्या काकू स्वतःशीच पुटपुटल्या, "दमले गं बाई आता." काकांनी पेपर खाली ठेवला.

"तू बस," ते म्हणाले, "चहा मी टाकतो."

काकूंचे डोळे भरून आले. चहात साखर नव्हती. त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत कप रिकामा केला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला आजच बाहेर काढा. उशीर झाला, की चहा मिळतो, साखर राहून जाते.