सहा वर्षांची ओळ

टक्!

भर दुपारी घर चिडीचूप असताना माझं टिचबटण उघडलं आणि हा आवाज झाला. पलंगावर निजलेल्या ठकीने कूस बदलली. तिच्या आईने श्वास रोखून धरला. मीही धरला.

मित्रांनो, मी एक जुनी फाइल आहे. निळ्या रेक्झिनची, वीस पारदर्शक कप्प्यांची, एका कोपऱ्यात जराशी उसवलेली. मला उघडणारी ही बाई आज ठकीची आई म्हणून ओळखली जाते. पण ती कुणाचीच आई नव्हती, तेव्हापासून माझी तिची ओळख आहे.

मी जन्मले एका बाइंडरच्या लहानशा कारखान्यात. पुठ्ठ्याला खळ लावून त्याने मला दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं होतं. तेव्हा फार राग आला होता त्याचा. पण त्यामुळेच अजून माझी पाठ ताठ आहे.

तिच्या वडिलांनी मला विकत घेतलं ते तिचा शाळेचा शेवटचा निकाल लागला त्या दिवशी. ते बस चालवायचे. खाकी गणवेशातच दुकानात आले आणि मला काखेत मारून घरी गेले. "वीसच्या वीस कप्पे भर," ते लेकीला म्हणाले, "मग याहून मोठी आणू."

ती भरत गेली. गुणपत्रिका आल्या, रक्ततपासणीच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आलं. पहिल्या मुलाखतीला ती मला छातीशी धरून गेली. तिच्या काळजाची धडधड माझ्या पुठ्ठ्याला कळत होती. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी माझी पानं उलटली आणि म्हणाल्या, "कागद इतके नीट लावणारी मुलगी माझे नमुने अदलाबदल करायची नाही." मला कोण आनंद झाला! ते कौतुक निम्मं माझंच होतं ना?

पाच वर्षं तिने तिथे काम केलं. मग ठकी झाली आणि मी कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर गेले. माझ्यावर आधी एक घोंगडी आली, मग ठकीला आखूड झालेल्या झबल्यांचं गाठोडं. सहा वर्षं मला कुणी हात लावला नाही. रुसले होते मी, खोटं कशाला सांगू? पण खालून ठकीच्या आईचा आवाज ऐकू यायचा. तापाचं औषध, शाळेचा डबा, हरवलेला मोजा. तिला तरी कुठे कुणी पुसत होतं!

त्या दुपारी तिने मला खाली काढलं, कारण एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. अर्ज पाचच्या आत पाठवायचा होता. ठकी उठायच्या आत लिहून व्हायला हवं होतं. तिने माझ्यातला जुना बायोडेटा काढला, त्याचे फोटो नणंदेला पाठवले आणि दबक्या आवाजात तिला फोन लावला. ठकीची ही आत्या एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते.

"तीन पानं?" आत्या फोनवर ओरडल्याच. "नोकरी शोधतेयस की स्थळ? उंची कशाला लिहिलीस?"

"हळू बोला ना ताई, उठेल ती."

"आणि छंद वाचन? शेवटचं पुस्तक कधी वाचलंस गं?"

"काल. हत्तीला शिंक येते ते. तीन वेळा."

आत्या खदखदून हसल्या. "बरं, ऐक. एकच पान. 'मेहनती, प्रामाणिक' असलं काही नको, ते सगळेच लिहितात. तू करायचीस काय, ते लिही. दिवसाला किती नमुने तपासायचीस?"

"दीडशे तरी."

"मग तेच लिही की, बाई! चल, माझी मीटिंग आहे."

तिने कोरा कागद घेतला. दिवसाला दीडशे नमुने. तीन यंत्रांची देखभाल. दोन नव्या मुलींना शिकवलं. लिहिता लिहिता तिची पाठ ताठ होत गेली. मग पेन थांबलं. पुढची सहा वर्षं रिकामी होती. तिने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि नोकरी सोडल्याचं साल सहा वर्षांनी पुढे ढकललं. जणू ठकी झालीच नव्हती.

रुजू झाल्याची तारीख बघायला तिने माझा अकरावा कप्पा उघडला. तिथे मॅडमच्या सहीचं अनुभवपत्र होतं, खऱ्या तारखांचं. ती बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिली. त्या प्रयोगशाळेत नोंदवहीतला एकही चौकोन रिकामा सोडायचा नसे. आकडा नसेल तर कारण लिहायचं. आणि चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, शेजारी खरा आकडा आणि सही.

तिने रेघ मारली. खरं साल लिहिलं. सवयीने शेजारी सहीसुद्धा केली आणि स्वतःशीच हसली. खाली लिहिलं, 'गेली सहा वर्षं मुलीला वाढवण्यासाठी पूर्णवेळ घरी. आता पूर्णवेळ कामाला तयार. नवीन यंत्रं शिकावी लागतील, शिकेन.' मग सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि चार वाजून वीस मिनिटांनी पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "त्या सहा वर्षांबद्दल विचारणार आम्ही," पलीकडचा आवाज म्हणाला. "पण सोमवारी या. मूळ कागदपत्रं आणा."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या तरी कपाटावर माझ्यासारखी एक फाइल असेल. वर्षातून एकदा तिला खाली काढा. धूळ पुसा, कसर लागली नाही ना ते बघा. आणि ती ज्यांची आहे त्यांच्याशेजारी बसून विचारा, हे काय आहे, हे तुम्ही कधी केलंत? फाइलला बरं वाटतंच, पण त्यांना त्याहून बरं वाटतं.

ठकीने तेच केलं. सोमवारसाठी आई कागद लावत होती, तेव्हा ती मांडी घालून शेजारी बसली आणि माझा एकेक कप्पा चाचपू लागली. शेवटच्या कप्प्यातून तिने प्रयोगशाळेचं ओळखपत्र ओढून काढलं. त्यावर पांढरा कोट घातलेली एक मुलगी सगळे दात दाखवून हसत होती.

"ही कोण?"

"मीच गं."

"आणि मी कुठाय?"

"तू नव्हतीस तेव्हा, सोन्या."

ठकीने फोटो अगदी नाकाजवळ नेला. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"मी नव्हते," ती म्हणाली, "तर मग तू एवढी कशाला हसत होतीस?"